शाळा बांधताना आधी छपराचं बघा

मी इमारतींचे आराखडे करतो. अलीकडे गावोगावी खाजगी शाळा निघत आहेत. संस्थाचालक येतात ते बहुधा एखादा फोटो घेऊनच. दर्शनी भागाला निळी काच, वर सपाट स्लॅब. ‘मॉडर्न पाहिजे,’ म्हणतात. मी विचारतो, मार्चमध्ये भरदुपारी वीज गेली, की वरच्या मजल्यावर पोरं बसणार कशी?

चिखली तालुक्यातलं अमडापूरच घ्या. मेच्या उत्तरार्धात इथला दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. म्हणजे खरा मारा छपरावर. उघडा स्लॅब तापतो आणि ती धग खाली वर्गात सोडतो. काचेचं तर आणखी वाईट. ऊन तिच्यातून आत येतं, फरशी-बाकं तापवतं. ती उष्णता मात्र सहज बाहेर पडत नाही. आपल्या धाब्याच्या घरांचं जाड मातीचं छप्पर परवडलं! पूर्व-पश्चिमेचं तिरपं ऊन छज्जाने अडत नाही, म्हणून खिडक्या उत्तर-दक्षिणेला हव्यात.

मग आधुनिक म्हणजे काय? फ्रान्सिस केरे यांनी २००१ साली आफ्रिकेत, बुर्किना फासोतल्या आपल्या गावी शाळा बांधली. तिथंही ऊन असंच. भिंती तिथल्याच मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या विटांच्या. वर विटांचंच छत, त्यात फटी. पत्रे आहेत, पण छतापासून चांगले उचललेले. पत्रा तापला तरी मधून वारा वाहतो आणि वर्गातली गरम हवा फटींतून वर निघून जाते. बांधकामाला गावकरीच राबले. केरे यांना २०२२ मध्ये वास्तुकलेतलं मानाचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं.

आपल्या कोपरगावात, शारदा शाळेच्या आवारात, समीप पाडोरा यांच्या कार्यालयाने २०१८ मध्ये माया सोमय्या ग्रंथालय बांधलं. विटांच्या पातळ थरांची कमान लाटेसारखी जमिनीतून उठते. मुलं तिच्यावर चढतात, आणि खाली पुस्तकं! आकार संगणकावर बेतलेला, माल मात्र साधी वीट.

अमडापुरात मी कमानीचा आग्रह धरणार नाही. तसे गवंडी आधी तयार करावे लागतील. पण स्लॅबवर हातभर उंच पत्र्याचं दुसरं छप्पर तालुक्याचा वेल्डरही करून देईल. काचेचे पैसे तिकडे वळवावेत. आणि हो, पत्रे बसवताना वळवाच्या वादळाचा हिशेब आधी करावा.