बांधकामाधीन घराच्या अंतर्गत सजावटीचे नियोजन

बांधकामाधीन घराच्या अंतर्गत सजावटीचे नियोजन म्हणजे घराचा ताबा मिळण्यापूर्वीच आतील जागेच्या वापराचा आराखडा निश्चित करणे होय. रंग व पडदे यांचा निर्णय लांबला तरी चालतो. वीज आणि पाणी यांचा मात्र नाही. विजेच्या तारांच्या नळ्या छतात स्लॅब ओतण्यापूर्वी, तर विटांच्या भिंतीत गिलाव्यापूर्वी बसवाव्या लागतात. म्हणून पलंग, ओटा, फ्रिज व धुलाई यंत्र यांच्या जागा आधी ठरवून त्यानुसार स्विचबोर्ड व नळजोड आखले जातात.

न्हाणीघराची मांडणी बदलणे सर्वांत अवघड असते. तेथील स्लॅब बहुधा खोलगट ठेवून त्यात सांडपाण्याचे नळ व जलरोधक थर घातलेला असतो. फरशी बसल्यानंतर तो फोडल्यास खालच्या घरात गळती होण्याचा धोका असतो. आरसीसी चौकटीच्या इमारतीत खांब व तुळया भार पेलतात, विटांच्या आतील भिंती सहसा नाही. ॲल्युमिनियम साच्यांत ओतलेल्या इमारतींत मात्र काँक्रीटच्या भिंतीच भारवाहक असतात. त्यामुळे कोणतीही भिंत पाडण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला आवश्यक ठरतो.

भारतात स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार चटई क्षेत्रात घरातील विभाजक भिंतींची जागाही धरली जाते. त्यामुळे फर्निचरसाठी करारातील आकडा उपयोगाचा नसतो. गिलाव्यानंतर प्रत्यक्ष घेतलेले मोजमाप लागते. याच अधिनियमानुसार ताब्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेले संरचनात्मक व कारागिरीचे दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचे असतात. घरमालकाने तोडफोड केलेली असल्यास दोष कोणाचा, हा वाद उद्भवतो.