ट्रकमध्ये संदेशयंत्र बसविताना

सभासद बंधूंनो, तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते, उताराही मार खातो. काट्यावर ती खोट आपल्याच पदरी येते. गाडीतळ तुंबल्याचा निरोप ट्रकमधून लगेच गट ऑफिसला गेला, तर टोळी तोड आवरती घेईल. म्हणून सिमकार्डाचे संदेशयंत्र बसवावे असे आम्ही सुचवितो.

मात्र हॉर्नच्या वायरीला जोड मारू नका. वायर थेट बॅटरीवरून घ्यावी, फ्यूज बॅटरीलगतच टाकावा. ट्रक १२ व्होल्टचा की २४ चा, हे आधी पाहा. २४ वर १२ चे यंत्र जळालेच म्हणून समजा! अँटेना पत्र्याखाली दडपू नये, वाढ्यांनी ओरबाडली जाणार नाही अशी टपावर लावावी. गाडी चालू असताना निरोप क्लीनरने वाचावा, ड्रायव्हरने नव्हे.