बागेतील किडींचा बंदोबस्त : पाऊण शतकाचा मागोवा

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील बेगडेवाडीच्या परिसरात, जेथे पावसाळ्यात सह्याद्रीवरून उतरलेले ढग दिवसचे दिवस हलत नाहीत आणि फाल्गुन सरताच कोरडा उष्मा जाणवू लागतो, तेथे परसबागेतील किडींचा क्रम पूर्वापार ठरलेला आहे : थंडीत गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, उन्हाळ्यात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि पानांच्या पाठीवर लाल कोळी. पालटत गेला तो त्यांच्या बंदोबस्ताचा मार्ग.

चुलीतील राख, साबणाचे पाणी आणि तंबाखूचा काढा एवढ्यावर भागणाऱ्या त्या बागांत, पॉल म्यूलर यांनी १९३९ साली डीडीटीची कीटकनाशक शक्ती दाखवून दिल्यानंतर आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर, रासायनिक भुकट्यांचा अंमल सुरू झाला. मावा मेला हे खरे. पण त्याच्यावर उपजीविका करणारे ढालकिडेही मेले, आणि ज्यांच्यावर डीडीटीचा विशेष परिणाम होत नसे ते कोळी, भक्षकांचा धाक उरला नाही म्हणून, पूर्वीपेक्षा अधिक फोफावले. लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ साली जगाला या धोक्याबद्दल सावध केले, १९६८ साली आपल्याकडे कीटकनाशक कायदा झाला, १९८९ साली शेतीतून डीडीटी हद्दपार झाली आणि १९९७ साली बीएचसी या दुसऱ्या कीटकनाशकावर बंदी आली. एवढा विलंब व्हावा, याचे मला आजही दुःख होते.

या साऱ्या काळातील सर्वांत उद्‌बोधक प्रकरण मात्र पपईवरील पिठ्या ढेकणाचे. २००८ साली कोइम्बतूरला प्रथम आढळलेली ही परदेशी कीड पुणे जिल्ह्यातही दाखल झाली, आणि अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारणीला दाद देईना. तेव्हा बेंगळूरु येथील शास्त्रज्ञांनी २०१० साली प्वेर्तो रिकोहून तिचे नैसर्गिक शत्रू, म्हणजे परोपजीवी गांधीलमाश्यांच्या तीन सूक्ष्म जाती, आणविल्या. त्यांपैकी एसेरोफॅगस पपाये या जातीने अल्पावधीत असे नियंत्रण साधले, की जे कोणत्याही औषधाला साधले नव्हते.

म्हणून घरच्या बागेत आधी मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण गोड स्रावाच्या लोभाने त्या पिठ्या ढेकणाचे रक्षण करतात. मग पाण्याची जोरकस धार, आणि तेवढ्याने न भागल्यास लिटरमागे ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून गाळलेला अर्क, किंचित साबण घालून, सायंकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावा. तत्पूर्वी फांदी नीट न्याहाळावी : पिठ्या ढेकूण खाणाऱ्या क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळीही तशीच पांढऱ्या मेणाने माखलेली असते, परंतु आकाराने मोठी आणि चालीने चपळ, ती दिसली तर त्या फांदीवर फवारणी करू नये.