गिअर स्लिप होतोय? आधी दाब बघा, मग प्लेट

जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअर स्लिप होऊ लागला, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन नुसतंच रेस होऊ लागलं आणि गाडी ओढेनाशी झाली, की अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही गॅरेजात बहुधा एकच निदान ऐकू येतं: प्लेटा गेल्या, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. यात मेकॅनिकची लबाडीच असते असं समजायचं कारण नाही. मुंबईतले जुने मेकॅनिक फियाटवर हात बसवून तयार झाले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणारी ही गाडी १९७४ पासून पद्मिनी नावाने विकली गेली आणि तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तिच्यात हाताने टाकायचे गिअर होते. तिथे क्लच स्लिप झाला की प्लेट बदलायची, आणि हे निदान बहुतेक वेळा बरोबरच निघायचं. अडचण एवढीच, की तेच निदान जसंच्या तसं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला लावलं जातं आणि हजारोंचा खर्च चुकीच्या टोकापासून सुरू होतो.

फियाटच्या क्लचमध्ये प्लेट दाबून धरण्याचं काम स्प्रिंग करते. स्प्रिंग सहसा दगा देत नाही, म्हणून झिजलेली प्लेट हाच पहिला संशयित. ऑटोमॅटिकमध्ये तेच काम तेल करतं. पंप तेलाला दाब देतो, व्हॉल्व्ह बॉडी तो दाब हव्या त्या पिस्टनकडे वळवते आणि पिस्टन प्लेटांचा गठ्ठा दाबतो किंवा ड्रमभोवतीचा पट्टा आवळतो. दाब कमी पडला तर कोऱ्या प्लेटाही घसरणार आणि घसरता घसरता जळणार. म्हणून जळकी प्लेट हा पुष्कळदा परिणाम असतो आणि कारण वेगळीकडेच असतं. तपासाचा क्रम यावरून ठरतो: तेल, मग दाब, मग दाबाला हुकूम देणारे दांडे आणि नळ्या, आणि सगळ्यात शेवटी प्लेटा.

पण त्याआधी, जे दिसतंय ते स्लिप आहे का? ब्यूइकने १९४८ साली आणलेल्या डायनाफ्लोमध्ये ‘ड्राइव्ह’मध्ये गिअर बदलतच नाही, सगळं काम तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर करतो. आधी इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग मागून येतो, हा तिचा स्वभाव आहे. शेव्हरोलेच्या पॉवरग्लाइडमध्ये पुढचे गिअर दोनच, त्यामुळे पाच-सहा गिअरच्या आजच्या गाडीची सवय झालेल्याला तीही घसरल्यासारखी वाटते. दुसरा फसवा प्रकार उभ्या गाड्यांचा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवली, तर ती रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे बोरिवलीच्या सोसायटीत ती आठवडेच्या आठवडे उभी. तेवढ्या काळात कन्व्हर्टरमधलं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं. मग सुरू केल्यावर पहिले काही क्षण गाडी हलत नाही, कन्व्हर्टर भरला की चालू लागते. इंजिन बंद ठेवून डिपस्टिक काढली तर तेल उलट जास्तच दिसतं, आणि ते ‘जास्तीचं’ तेल काढून टाकलं की खरी स्लिप सुरू होते.

तेलाच्या बाबतीत सर्वांत रुजलेला समज असा, की इंजिन ऑइलसारखं हेही थोडं थोडं जळतं, तेव्हा अधूनमधून टॉप-अप करावं. गिअरबॉक्समध्ये तेल जळून संपत नाही. पातळी उतरली म्हणजे गळती आहे. मात्र खाली डाग नाही म्हणून गळती नाही, असंही धरून चालत नाही. टर्बो हायड्रामॅटिकसारख्या कित्येक गिअरबॉक्सांना व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, नळीने इंजिनाला जोडलेला. त्यातला पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि बिचाऱ्या पिस्टन-रिंगा बदनाम होतात. मॉड्युलेटरची नळी काढून आत तेल दिसतंय का एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात. पातळी मोजायची तीही तेल गरम करून, गाडी सपाटीवर, इंजिन चालू. बहुतेक जनरल मोटर्स गाड्यांत लिव्हर पार्कमध्ये, तर क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये न्यूट्रलला, कारण तिथे पार्कमध्ये कन्व्हर्टरकडे तेल जात नाही. जास्त तेल घालणं हाही उपाय नव्हे. फिरते भाग तेल घुसळतात, फेस होतो, फेसातली हवा दाबली जाते आणि पिस्टनला जोर मिळत नाही.

पातळी ठीक असूनही स्लिप होत असेल, तर कोणत्या गिअरमध्ये होते ते बघावं. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी. साठच्या दशकातल्या प्लिमथ-डॉजमधली टॉर्कफ्लाइट घ्या. तिच्यात दुसऱ्या गिअरला पुढचा पट्टा आवळला जातो, तिसऱ्याला आणि रिव्हर्सला पुढचा क्लच लागतो. फक्त दुसऱ्यात घसरत असेल तर पट्टा, आणि तो आवळायचा स्क्रू बाहेरूनच फिरवता येतो. तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरत असतील तर पुढचा क्लच. ‘ड्राइव्ह’मधला पहिला घसरतो पण लिव्हर १ वर ठेवल्यावर घसरत नाही, तर एकाच दिशेने पकडणारा ओव्हररनिंग क्लच. सगळेच गिअर घसरत असतील तर सगळ्या प्लेटा एकाच दिवशी गेल्या असं मानण्यापेक्षा सगळ्यांना सामाईक असलेली गोष्ट शोधावी: तेल, फिल्टर, पंप. किंवा कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारा थ्रॉटलचा दांडा. ॲव्हरेज वाढावं म्हणून कार्बोरेटर बदलतात आणि हा दांडा सोडून देतात किंवा तारेने बांधून ठेवतात. मग ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गिअरबॉक्सला ते कळत नाही, दाब वाढत नाही आणि चांगल्या प्लेटा जळतात. थंड असताना घसरून नंतर सुधारणारी गाडी कडक झालेल्या सिलांकडे बोट दाखवते. गरम झाल्यावर घसरणारी गाडी झिजलेल्या पंपाकडे किंवा आतल्या गळतीकडे.

यावर अनुभवी मेकॅनिकचा आक्षेप असा, की स्लिप कळेपर्यंत प्लेटा जळालेल्याच असतात, मग दाब मोजण्यात वेळ कशाला घालवायचा? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. तेल काळं पडलं, जळका वास येतोय आणि चेंबर उघडल्यावर प्लेटांच्या अस्तराचा गाळ निघाला, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पण दाब का पडला हे न शोधता नव्या प्लेटा बसवल्या तर त्याही त्याच वाटेने जातात, आणि एकाच गिअरबॉक्सचं ओव्हरहॉलिंग दोनदा होतं ते यामुळेच. दाब मोजायला फार काही लागत नाही. बहुतेक गिअरबॉक्सांच्या अंगावर त्यासाठी प्लग दिलेला असतो, तिथे ३०० पीएसआयपर्यंतचा गेज लावायचा आणि आकडे त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून बघायचे.

‘जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदलू नये, बदललं की स्लिप होतो’ हा समज तर गाडीमालकच एकमेकांना सांगतात. खरं तर घसरायला लागल्यावरच अनेकांना तेल बदलायची आठवण होते, आणि जे आधीच मरणपंथाला लागलं होतं त्याचा दोष नव्या तेलावर येतो. तेलाचा प्रकार चुकला तर मात्र दोष खरोखर तेलाचाच. लाल दिसतं म्हणून सगळं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, सारखं नसतं. फोर्डच्या टाइप एफमध्ये घर्षण मऊ करणारी द्रव्यं नसतात, डेक्सरॉनमध्ये असतात. टाइप एफसाठी बनलेल्या बॉक्समध्ये डेक्सरॉन ओतलं तर गिअर लांबत, सरकत बदलतो. ‘स्टॉप स्लिप’च्या बाटल्या वाळलेली सिलं फुगवून थोडे दिवस काढून देतात, उडालेलं अस्तर परत आणत नाहीत.

आणि पावसाळा. अंधेरी सबवेत पाणी भरलं की तो बंद होतो, तरी आधी घुसलेली गाडी असतेच. गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून किंवा डिपस्टिकच्या नळीतून पाणी आत गेलं तर प्लेटांचं कागदी अस्तर धरून ठेवणारा गोंद सुटतो. रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटला तरी हेच होतं, पावसाशिवाय. डिपस्टिकवर गुलाबी दुधासारखं तेल दिसलं तर गाडी चालवून बघण्याच्या भानगडीत पडू नये. ती टो करतानाही जपावं लागतं. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक अमेरिकन ऑटोमॅटिकना चाकांबरोबर फिरणारा मागचा पंप होता, त्यामुळे दुसऱ्या गाडीने ढकलून त्या सुरूही करता येत. नंतर तो पंप काढला गेला. इंजिन बंद असताना अशा गाडीची मागची चाकं रस्त्यावर फिरली तर गिअरबॉक्स कोरडाच फिरतो, म्हणून मागची चाकं उचलून किंवा प्रोपेलर शाफ्ट सोडवूनच ती न्यावी.