अंड्याच्या कवचाचा रंग : परसातील कोंबडीपालकासाठी आरोग्याची खूण

कोलकात्याच्या बाजारात पांढरी अंडी ‘पोल्ट्री’ची, तर तपकिरी अंडी ‘देशी’ म्हणजे गावठी कोंबडीची मानली जातात आणि ‘देशी’ अंड्याला अधिक दर मिळतो. महाराष्ट्रातील चित्रही फारसे वेगळे नाही. या दरामुळे तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे परसातील पालन किफायतशीर ठरू शकते. मात्र रंगाचा खरा उपयोग बाजारापेक्षा खुराड्यात अधिक आहे.

रंग कसा येतो?

अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे मुळात पांढरे असते. अंडे तयार होण्यास २४ ते २६ तास लागतात व त्यांपैकी सुमारे २० तास ते कवच ग्रंथीत असते. तपकिरी अंडी देणाऱ्या जातींत अखेरच्या काही तासांत प्रोटोपॉर्फिरिन हे रंगद्रव्य कवचाच्या बाह्य थरावर चढते. म्हणूनच असे कवच आतून फिकट दिसते. चिलीतील अरौकाना कोंबडीच्या अंड्याचा निळा रंग बिलिव्हर्डिन या वेगळ्या रंगद्रव्यामुळे येतो व तो कवचात आतपर्यंत भिनलेला असतो. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. त्यावरून अंड्याचे पोषणमूल्य ठरत नाही. बलकाचा पिवळेपणाही हिरवा चारा, मका अशा खाद्यातून येतो.

जातीची निवड

पश्चिम बंगालमध्ये परसातील पालनासाठी ऱ्होड आयलंड रेड ही जात प्रचलित आहे. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ग्रामप्रिया परसात वर्षाला सुमारे १६० ते १८०, तर वनराजा सुमारे १०० ते ११० तपकिरी अंडी देते. ग्रामप्रिया व वनराजा संकरित असल्याने त्यांच्या अंड्यांतून पुढील पिढी घेतल्यास तेच गुण टिकत नाहीत. पिल्ले दर वेळी अधिकृत केंद्रातून घ्यावीत. ऱ्होड आयलंड रेडची शुद्ध अंडी मात्र खुडूक गावठी कोंबडीखाली उबवता येतात.

फिकट रंगाचा इशारा

रंग शेवटी चढत असल्याने कोंबडीवरील ताणाचा परिणाम त्यावर लगेच दिसतो. कुत्र्या-मुंगसाची भीती, गर्दी किंवा तीव्र उष्मा यांमुळे अंडे वेळेआधी बाहेर पडले अथवा ग्रंथीत रेंगाळले, तर कवच फिकट किंवा पांढरट पूड लागल्यासारखे दिसते. वाढत्या वयातही रंग उतरतो. राणीखेत, संसर्गजन्य ब्राँकायटिस व एग ड्रॉप सिंड्रोम या रोगांतही कवच फिकट, पातळ किंवा वेडेवाकडे होते. पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीत रंग उतरण्याची ही खूण मिळत नाही.

एकाच कोंबडीचे अंडे फिकट असल्यास वय व भीती ही कारणे तपासावीत. अनेक कोंबड्यांची अंडी एकदम फिकट होऊन उत्पादनही घटले, तर पशुवैद्यकास तत्काळ कळवावे. मरतुक दिसल्यास पक्षी विकू वा हलवू नयेत. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला. २००८ मध्ये पश्चिम बंगालमधील उद्रेकात लाखो पक्षी नष्ट करावे लागले व त्यात परसातील कोंबड्यांची मोठी हानी झाली. सूचना देण्यात झालेला विलंब संपूर्ण गावाला महागात पडतो.

व्यवस्थापनातील मुख्य बाबी

• राणीखेत व देवी रोगाचे लसीकरण पशुवैद्यकाने दिलेल्या वेळापत्रकानुसार करावे.
• मोकळ्या चरण्यासोबत रोज थोडे पूरक खाद्य द्यावे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.
• बंगाल व कोकणासारख्या दमट हवेत बुरशी लागलेले धान्य देऊ नये. खुराड्यातील भुसा कोरडा ठेवावा.
• उन्हाळ्यात सावली व थंड पाणी द्यावे. कोंबडी धापा टाकू लागली की कवच पातळ होते.
• अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत व पाण्याने धुऊ नयेत. नैसर्गिक संरक्षक आवरण निघून जाते.
• रोजची अंडीसंख्या व फिकट अंड्यांची संख्या वहीत नोंदवावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी भेटीच्या वेळी ही वही प्रथम पाहावी. तपकिरी अंडे अधिक पौष्टिक असल्याचा दावा करून विक्री करण्यास प्रोत्साहन देऊ नये. ताजेपणा, स्वच्छता आणि निरोगी कळप यांच्या आधारेच ग्राहकाचा विश्वास व मिळणारा दर टिकून राहतो.