पाळण्यापासून पंचेचाळिशीपर्यंत

बालपणींची हलाखी प्रौढपणीं विसरली जाते, अशी आपली समजूत असते. देह मात्र ती विसरतोच असें नाहीं. ब्रिटनमध्यें १९५८ सालीं मार्चच्या एकाच आठवड्यांत जन्मलेल्या सुमारें १७,००० बालकांचा वृत्तान्त शास्त्रज्ञांनीं पुढें ठेवीत नेला. तीं पंचेचाळिशीस पोंचलीं तेव्हां अनेकांच्या सकाळच्या लाळेंतील कॉर्टिसॉल मोजलें. संकटास तोंड देण्यास शरीर सज्ज करणारा हा स्राव जाग येतांच चढतो व दिवसभर उतरत जातो. जन्मापासून ओढगस्तींत राहिलेल्यांत ही लय बिघडल्याचें अधिक आढळलें. प्रत्येकाचें असें होतेंच असें नव्हे. तथापि आपल्या घरांतील आश्रित मुलाच्या पानांत काय पडतें व त्याला कोणत्या स्वरांत हांक मारली जाते, इकडे आम्हां वडीलधाऱ्यांचें लक्ष असावें, एवढेंच आमचें सांगणें.