महाबळेश्वर ते मिरज : बीजगणिताच्या परीक्षेची साठ वर्षे

शिवाजी विद्यापीठ 18 नोव्हेंबर 1962 रोजी कोल्हापुरात सुरू झाले आणि सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयांच्या परीक्षा पुण्याऐवजी तिथून होऊ लागल्या. महाविद्यालये त्याआधीचीच होती. सांगलीचे विलिंग्डन 1919चे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात काढलेले छत्रपती शिवाजी कॉलेज 1947चे, कऱ्हाडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज 1954चे आणि साताऱ्याचे आजचे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स 1958चे. महाबळेश्वर-तापोळ्याकडची मुले विज्ञान शिकायला वाई-साताऱ्याला उतरतात, जत-आटपाडीची सांगली-मिरजेला जातात, आणि बी.एस्सी.ला गणित घेतले की बीजगणिताचा पेपर दोघांच्याही वाट्याला येतो. गेल्या साठ वर्षांत या पेपरचे गुण, कालावधी, सत्र, श्रेयांक, नाव, सारे काही बदलले. तरीही माझे म्हणणे असे आहे, की बदलले ते परीक्षा कधी घ्यायची आणि किती वेळा घ्यायची एवढेच. विद्यार्थ्याला विचारायचे काय, हे जवळजवळ जिथल्या तिथे राहिले. म्हणूनच या काळातल्या गुणांच्या राशीवरून मुलांना बीजगणित किती आले, हे आज कुणालाच नीट सांगता येणार नाही.

या परीक्षेचे मूळ आणखी मागे जाते. 1857चे मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्रामुख्याने परीक्षा घेणारे म्हणूनच जन्माला आले. शिकवायचे ते महाविद्यालयांनी. गणितापुरता मात्र आदर्श केंब्रिजच्या ट्रायपॉस या पदवी परीक्षेचा होता. साताऱ्यात जन्मलेले गणेश सखाराम महाजनी तिथून रँग्लर, म्हणजे त्या परीक्षेत पहिल्या वर्गात, होऊन आले, ही गोष्ट या जिल्ह्याने अभिमानाने सांगितली आणि ते योग्यच होते. ट्रायपॉसच्या जुन्या प्रश्नाचे बहुधा दोन भाग असत. आधी पुस्तकातले प्रमेय सिद्ध करायचे, मग त्याला जोडलेले, पुस्तकात नसलेले उदाहरण सोडवायचे. त्या परीक्षेतही दोष होते, गणिती जी. एच. हार्डींसारख्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली आणि 1909नंतर तिथली गुणानुक्रमे लावलेली यादी बंद झाली. पण दुसऱ्या भागामागची कल्पना अस्सल होती. प्रमेय हाताशी आहे, आता ते वापरून दाखव, अशी ती मागणी होती. आपल्या पेपरांत पहिला भाग घट्ट रुजला आणि दुसरा गळून गेला, असे मला दिसते. ‘पुढीलपैकी कोणतेही दोन सोडवा’ याखाली जे येते ते बहुतेक पुस्तकातलेच प्रमेय असते, नाहीतर आकडे बदललेले सोडवलेले उदाहरण.

याचा परिणाम काय होतो ते ग्रुप थिअरीत सर्वांत स्पष्ट दिसते. सायक्लिक ग्रुपचा प्रत्येक सबग्रुप सायक्लिक असतो, हे प्रमेय तिसऱ्या वर्षाला हमखास असते. त्याची सिद्धता दहा-बारा ओळींची आहे आणि पाठ होते. ती लिहून पूर्ण गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला एवढेच विचारावे, की एखाद्या ग्रुपचे स्वतः त्याच्याशिवायचे सगळे सबग्रुप सायक्लिक असले, तर तो ग्रुपही सायक्लिक असलाच पाहिजे का? उत्तर नकारार्थी आहे आणि चार घटकांचा क्लाइन ग्रुप मांडला की दोन ओळींत संपते. लाग्रांजच्या प्रमेयाचेही तसेच. सबग्रुपमधल्या घटकांची संख्या ग्रुपच्या संख्येला भागते, हे सिद्ध करता येणे वेगळे आणि बारा घटकांच्या ए-फोर ग्रुपमध्ये सहा घटकांचा सबग्रुप का सापडत नाही, हे शोधणे वेगळे. पहिल्यासाठी स्मरणशक्ती पुरते. दुसऱ्यासाठी ग्रुप डोळ्यांसमोर उभा करावा लागतो, त्यातले घटक हाताळावे लागतात. पहिल्या वर्षाच्या मॅट्रिक्समध्ये हीच दरी वेगळ्या रूपात असते. केली-हॅमिल्टन प्रमेय वापरून व्यस्त मॅट्रिक्स काढण्याची रीत न चुकता करणाऱ्याला, व्यस्त अस्तित्वात नसेल तेव्हा ती रीत नेमकी कोणत्या पायरीवर अडेल, हे सांगता येईलच असे नाही. ते सांगू शकणारा आणि न शकणारा, हे दोन्ही विद्यार्थी आपल्याकडे सारखेच गुण घेऊन बाहेर पडतात.

सुधारणांची कमतरता नव्हती. राधाकृष्णन आयोगाने 1949 मध्येच, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षांची असेल, असे मत नोंदवले. 1964-66च्या कोठारी आयोगाने अंतर्गत मूल्यमापनाचा आग्रह धरला आणि 1973 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परीक्षा सुधारणेचा कृती आराखडा काढला. 2010नंतरच्या दशकात आपल्याकडे वार्षिक परीक्षेची जागा सत्र परीक्षेने घेतली, मग श्रेयांक आले. 1994 मध्ये स्थापन झालेल्या नॅकने (राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने) महाविद्यालयांच्या केलेल्या मूल्यांकनातून पुढे ‘कोर्स आउटकम’ आले. बीजगणिताचा पेपर झाल्यावर विद्यार्थ्याला काय काय करता आले पाहिजे, याची यादी आता प्रत्येक विभागाकडे असते. ही यादी करणे मोलाचे आहे. पण ती साध्य झाली का, हे मोजताना वापरले जातात ते त्याच पेपरचे गुण, निरनिराळ्या रकान्यांत वाटून. प्रश्नाने जे विचारलेच नाही ते रकान्यातून कसे कळणार? ‘विद्यार्थी अमूर्त रचनांविषयी तर्क करू शकतो’ या ओळीपुढे येणारा आकडा पुष्कळदा त्याच्या पाठांतराचाच असतो. 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या 28 ऑगस्टच्या निकालानंतर, अंतिम वर्षाच्या परीक्षा घाईघाईने बहुपर्यायी प्रश्नांवर झाल्या. कोविडच्या साथीत दुसरा मार्ग नव्हता. मात्र सिद्धतेच्या विषयात सिद्धता लिहिण्याची गरजच न राहता मुले पदवीधर झाली, आणि त्या गुणांच्या अर्थाची चर्चा फारशी झाली नाही.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा असतो आणि तो मनापासूनचा असतो. ‘कॅप’ला, म्हणजे उत्तरपत्रिकांच्या केंद्रीय तपासणीला, बसलेल्या शिक्षकापुढे गठ्ठ्यांवर गठ्ठे असतात, वेळ मोजका असतो आणि पुनर्मूल्यांकनात टिकेल असे उत्तर ठरीव असावे लागते. खुल्या प्रश्नाला दहा तऱ्हेची उत्तरे येणार, मग गुण सारखे कसे द्यायचे? पण वरचा क्लाइन ग्रुपचा प्रश्न तपासायला पाठ केलेल्या सिद्धतेपेक्षा कमी वेळ लागतो. प्रतिउदाहरण दिले आहे की नाही आणि ते बरोबर का, एवढेच पाहायचे असते. उलट बारा ओळींच्या सिद्धतेत आठवी ओळ गाळलेल्या मुलाला सात द्यायचे की नऊ, इथेच आज शिक्षकाशिक्षकांत खरा फरक पडतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. अनोळखी प्रश्न विचारले तर पहिला फटका तापोळ्याच्या किंवा जतच्या मराठी माध्यमातल्या मुलाला बसेल. पाठांतर हीच त्याची शिडी आहे, ती काढून घेऊ नये, असे म्हणतात. यात तथ्य आहे. बारावीनंतर एकदम इंग्रजीत सिद्धता लिहायची वेळ आलेला मुलगा पाठ करतो, कारण इंग्रजी वाक्य रचण्यापेक्षा ते सोपे असते. पण मग अडचण भाषेची आहे, बीजगणिताची नाही, आणि आजची परीक्षा या दोहोंत भेदच करत नाही. चार ओळींचे प्रतिउदाहरण चिन्हांत आणि मोडक्या वाक्यांतही देता येते. लांब सिद्धता तशी देता येत नाही. शिवाय पाठांतराच्या शिडीने वर गेलेला मुलगा एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात किंवा प्रवेश परीक्षेत अडतो, तेव्हा त्याला सावरायला कुणी नसते. तो अडतो आहे, हे पहिल्या वर्षाच्या ऑगस्टमध्येच का कळू नये?

ऑगस्टचा उल्लेख मुद्दाम केला. सतत मूल्यमापनाची कल्पना कागदावर चांगली आहे, पण ती हजेरी गृहीत धरते. जून ते नोव्हेंबरच्या सत्रातल्या चाचण्या ऐन पावसात येतात. महाबळेश्वरला 23 जुलै 2021 रोजी संपलेल्या चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि घाटांतले रस्ते खचले. त्याच आठवड्यात, आणि त्याआधी ऑगस्ट 2019 मध्ये, सांगलीत कृष्णेचे पाणी घरांत शिरले. मार्च-एप्रिलच्या जुन्या वार्षिक परीक्षेला हा प्रश्न नव्हता. ठरल्या तारखेची चाचणी हुकली की अंतर्गत गुण जातात, किंवा शिक्षक कणवेने सगळ्यांना सारखेच देऊन टाकतो. मग त्या गुणांतून काहीच कळत नाही. अंतर्गत गुणांवर खिरापतीचा आरोप होतो त्याचे एक कारण इथे आहे. यावर उपाय तारखा वाढवण्याचा नाही. दर पंधरवड्याला एक छोटे उदाहरण द्यावे, ते मुलाने घरून लिहून आणावे, शिक्षकाने गुण न देता चूक कुठे झाली तेवढे खुणेने दाखवून परत करावे आणि अंतर्गत गुण सत्राअखेरीस, त्याच धाटणीच्या एका नव्या उदाहरणावर द्यावेत. नक्कल होईल, असे म्हणता येईल. पण गुणच नसतील तर नकलेचा मोह बराच ओसरतो, आणि उरलेली नक्कल शेवटच्या उदाहरणात उघडी पडते.

हे करायला कायदा आड येत नाही. 2021 मध्ये साताऱ्यात तीन महाविद्यालये मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. त्यांना आणि इतर स्वायत्त महाविद्यालयांना आपला पेपर आपण काढता येतो. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना 2023-24 मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि पुढल्या वर्षी संलग्न महाविद्यालयांत आली, तेव्हा अभ्यासक्रम नव्याने लिहिले गेले. अभ्यास मंडळाने बीजगणिताच्या प्रत्येक पेपरात एक प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेरचा असेल एवढा नियम करावा, तो आदल्या वर्षीच जाहीर करावा, नमुना प्रश्न छापावेत आणि परीक्षेनंतर त्या एका प्रश्नाचे गुण वेगळे काढून महाविद्यालयांकडे पाठवावेत. पहिली दोन-तीन वर्षे ते गुण फार कमी असतील. निकाल घसरल्याची ओरड होईल आणि मंडळावर नियम मागे घेण्यासाठी दडपण येईल, म्हणून सुरुवातीला त्या प्रश्नाचा भार दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये.